आठवी मूठ

‘लेडन’ हा शब्द मला ज्या आठवड्यात मिळाला, त्याच आठवड्यात मी तो माझ्या वहिनीवर चालवला. तोवर ओझ्यासाठी इंग्रजीत मला एकच शब्द ठाऊक होता, लोड, आणि तो तर आमच्या गावातून साक्रीला जाणारे ट्रकवालेही वापरत. धुळ्याच्या कॉलेजात आमचे इंग्रजीचे सर अंगाने काटकुळे, आवाजाने मात्र भरदार होते. त्यांनी तो शब्द फळ्यावर लिहिला आणि खडू टेबलावर ठेवून हात झटकले. “हा ओझ्याचा शब्द आहे,” म्हणाले, “पण नुसता ओझ्याचा नाही. कापसाची गाडी लेडन असते, मोहोर धरून फळाला आलेला आंबा लेडन असतो, आणि माणसाचं मनही लेडन असतं. मात्र हा शब्द एकटा उभा राहत नाही. कशाने, ते सांगावं लागतं. नाहीतर तुमची गाडी रिकामीच.” मग प्रत्येकीने एकेक वाक्य करायचं होतं. कुणी आंब्याचं केलं, कुणी जहाजाचं, जहाज आमच्यापैकी एकीनेही पाहिलेलं नसताना. मी उभी राहिले आणि म्हणाले, माझ्या भावाची बायको घरातल्या सगळ्या कामांनी लेडन आहे. सरांनी ते वाक्य माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. “हे पुस्तकातलं नाही, घरातलं आहे,” म्हणाले, आणि वहीत लाल शाईने ‘गुड’ लिहिलं. आमच्या घरात माझ्या आधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. त्या लाल अक्षरांचा मला गर्व झाला आणि तो अजूनही आहे, उगाच लपवत नाही. पण ते वाक्य दयेपोटी आलं असं सरांना वाटलं. ते खरं नव्हतं. ते हेव्यातून आलं होतं.

वहिनीचं नाव लता. ती माझ्याच वयाची, सातवीपर्यंत शिकलेली, पिंपळनेरकडची. मी होस्टेलची लोखंडी पेटी घेऊन धुळ्याला गेले त्याच उन्हाळ्यात ती लग्न होऊन आमच्या घरात आली. म्हणजे एका दाराने मी बाहेर पडले आणि दुसऱ्याने ती आत शिरली. मला तर वाटायचं दार एकच होतं. पहिल्या सुट्टीत घरी गेले तेव्हा मिठाचा डबा त्याच्या जागी नव्हता. मी झाकण उघडलं तर आत हळद. वहिनी चुलीपुढून हसत म्हणाली, “ताई, मीठ आते इकडे शे.” एवढंच. पण माझ्या घरात मीठ कुठे आहे ते मला दुसरीने सांगावं, हे मला दोन दिवस गिळता आलं नाही. विहिरीवरून पाणी आणायला हंडा उचलला की माय हातातून काढून घ्यायची. “ऱ्हाऊ दे, तू अभ्यास कर.” भाकरी थापायला बसले की, “उठ, हात भाजी जाई, तुले परीक्षा शे.” गोठ्याकडे गेले तर आबा म्हणजे माझे वडील, “मॅडम, शेण कसाले भरतीस?” म्हणून हसायचे. कौतुकानेच म्हणायचे ते. पण सकाळपासून दिवेलागणीपर्यंत घरात एकच हाक, लता, लता, लता. लता, पाणी. लता, दळण. लता, वासरू सुटलं. मी ओट्यावर पुस्तक घेऊन बसायची आणि त्या हाका मोजायची. माझ्या नावाची हाक दिवसातून दोनदा, जेवायच्या वेळी, पाहुण्याला मारतात तशी. माय दुपारी केस मोकळे सोडून वहिनीपुढे बसायची आणि वहिनी तिच्या डोक्याला तेल लावायची. ते काम माझं होतं. चौथीपासून माझं होतं.

लोक हेव्याबद्दल लिहितात ते दागिन्यांच्या, जमिनीच्या, रूपाच्या. मला वहिनीच्या डोक्यावरच्या हंड्याचा हेवा वाटत होता, हे आज लिहितानाही चमत्कारिक वाटतं. पण होतं तसंच.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी श्रावणात कानबाईला मी घरी गेले. आमच्या खानदेशात कानबाई म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगावं लागतं. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती घरात बसते. पितळी तांब्यावर नारळ, नारळाला डोळे, नाकात नथ, अंगावर खणाचं लुगडं. सोमवारी सकाळी तिला पाटासकट डोक्यावर घेऊन नदीवर नेतात. आणि तिच्या नैवेद्याला रोट असतात. शनिवारी घरातल्या प्रत्येक पुरुषाचं नाव घेऊन गव्हाची एकेक मूठ आणि वर चिमूट असं सुपात टाकायचं, तेवढंच दळायचं, आणि त्याच पिठाच्या पोळ्या पौर्णिमेच्या आत घरच्यांनीच संपवायच्या. त्या दिवशी गिरणीवाला जातं धुऊन घेई आणि रोटाखेरीज दुसरं दळण हातात धरत नसे. सोबत चण्याच्या डाळीचं पुरण, खीर, गंगाफळाची भाजी. गंगाफळ म्हणजे लाल भोपळा, पण आमच्याकडे भोपळा म्हटलं तर कुणी जेवायला बसणार नाही. मूठ पुरुषाच्या नावानेच, पोरींची नाही. पोर परक्या घरची. म्हणजे खायला आम्ही पोरी होतो, मोजायला नव्हतो. लग्न होऊन गेलेली लेक तर रोट खातही नसे. अक्का, म्हणजे आबांची थोरली बहीण, नवरा गेल्यावर तरुणपणीच माहेरी परतली होती. सगळं घर तिच्या धाकात. तरीही रोटाच्या दिवसांत ती आपली कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी वेगळी थापायची आणि ठेच्याशी खायची. कुणी तिला ‘चल’ म्हणत नसे आणि तीही कुणाकडे बघत नसे. मला लहानपणी वाटायचं, अक्काला गोड आवडत नाही.

कानबाई डोक्यावर घ्यायचा मान मायचा होता. मी चालायला शिकले तेव्हापासून तिच्या डाव्या अंगाला चालायची, टाचा उंच करून पाटाला हात लावून. पुढे आपण घेणार, हे मी मनात कधीच ठरवून टाकलं होतं. त्या वर्षी मायच्या मानेत कळ धरली होती. गेल्या गेल्या अक्काने सांगितलं, “औंदा कानबाई लतानं डोकावर. ती घरनी सून शे.” मी पेटी कोपऱ्यात ठेवली आणि सरळ वहीच काढली.

वहिनी गोठ्यात गोवऱ्या रचत होती. मी म्हणाले, “मी कॉलेजात तुझ्यावर लिहिलं. सगळ्या वर्गापुढे वाचलं.”

“मनावर?” तिने हात झाडले. “काय लिखं?”

“तू लेडन आहेस, असं.”

“ते काय ऱ्हास?”

“म्हणजे ओझ्याने लादलेली. इंग्रजी शब्द आहे.”

ती जोरात हसली. “लादेल! मंग लादेल म्हन ना वं ताई. इतलुस्या शब्दसाठे धुयाले कॉलेजमा जानं पडनं का तुले?” मग पदराने तोंड पुसून तिने विचारलं, “पन कसानी लादेल शे मी?”

अगदी सरांचाच प्रश्न. मी कामांची यादी वाचली. पाणी, शेण, भाकरी, दळण, मायची मान, अक्काचं पथ्य, नानांच्या चौघा पोरांचे डबे. नाना म्हणजे माझे धाकटे काका. ती एकेका कामाला मान हलवत होती, आपली गुरं कुणी बरोबर मोजावीत तशी. यादी संपल्यावर म्हणाली, “आनि तुनावर काय शे?”

“माझ्यावर अभ्यास आहे.”

“तो त पुस्तकमा ऱ्हास.” तिने सहज म्हटलं. “घरनं काय शे तुनावर?”

“काहीच नाही,” मी म्हणाले, आणि माझा आवाज इतका वाईट निघाला की ती गोवरी हातात धरून माझ्याकडे बघतच राहिली. मी वही मिटून निघून आले. पुढे जळगावच्या शाळेत मी जन्मभर इंग्रजी शिकवलं. हा शब्द आला की मुलं हमखास फळांनी लगडलेल्या झाडाचं वाक्य करत. मी ‘बरोबर’ म्हणून पुढे जायची. ‘ज्याच्यावर काही नाही त्याला काय म्हणायचं?’ असं एकाही मुलाने कधी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार. मधल्या खोलीत सूप मांडलं. मायने मूठ घालायचं कामही वहिनीला दिलं. मी दाराला टेकून उभी होते, हातात पुस्तक, डोळे सुपावर. वहिनीने आबांचं नाव घेतलं, मूठ टाकली. नानांचं. माझ्या भावाचं. मग नानांच्या चौघा मुलांची एकामागून एक. सात झाल्या. आता तिने हात धुवायला उठायचं. ती उठली नाही. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं, सरळ डोळ्यांत, आणि नाव न घेता आणखी एक मूठ गहू सुपात सोडले. वरून चिमूट.

अक्का म्हातारी असली तरी तिचा कान तिखट. “कितल्या मुठी व्हयन्यात वं?”

“आठ,” वहिनी हळूच म्हणाली.

“मानसं त सात शेतस. आठवी कोनी?”

वहिनीचा चेहरा लालबुंद झाला. तिने मान खाली घातली. आणि मग जे झालं ते आमच्याच घरात होऊ शकतं. लग्नाला वर्ष उलटून गेलेली सून, रोटाच्या सुपात एक मूठ जास्त, आणि विचारल्यावर लाज. अक्काने एकदम टाळी वाजवली. “अवं माय! मी म्हनू, पोर दोन दिनफाइन इतली गप कसाले शे! दिन गयात वं तुले!” माय धावत येऊन वहिनीच्या तोंडावरून हात फिरवू लागली. काकूने गुळाचा खडा आणला. बाहेर ओट्यावर बातमी गेली आणि आबांचा खाकरण्याचा आवाज आला, आनंद झाला की ते खाकरत. वहिनीने दोनदा तोंड उघडलं, पण एवढ्या मोठ्या आनंदापुढे तिचा आवाज कुणाला ऐकू जाणार? तिने पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी सांगेन असं तिला वाटलं असावं.

मला कळलं होतं. ती मूठ कुणाची, ते त्या खोलीत आम्हा दोघींनाच ठाऊक होतं. आणि मी बोलणार होते, खरंच बोलणार होते, इतक्यात माय म्हणाली, “मंग आते हिले जड उचलू देवानं नही. कानबाई कोन ली?” अक्काने थोडा विचार केला, माझ्याकडे बोट केलं. “शकू ली. कुवारी पोर देवीले चालस.”

मी तोंड मिटलं. पुस्तकात बोट घातलेलं होतं, ते दुखेपर्यंत पुस्तक दाबून धरलं. एवढं लिहायला मला इतकी वर्षं लागली.

रविवारी कानबाई बसली. संध्याकाळी आरतीला गल्लीतल्या बायका आल्या, गाणी झाली, ज्या त्या बाईने वहिनीच्या पाठीवर थाप मारली. तिला पाटावर बसवून ठेवलं होतं. पाण्याचा तांब्याही कुणी उचलू देत नव्हतं. “ऱ्हाऊ दे, तू बस.” माझ्या वाटणीचं वाक्य तिच्याकडे गेलं होतं आणि तिच्या वाटणीच्या हाका माझ्याकडे. शकू, ताट. शकू, फुलं. दिवसभर माझ्या नावाचा पुकारा चालू होता. जे मागितलं ते सगळं मिळालं होतं आणि तोंडातला रोट मात्र घोळत राहिला होता.

सोमवारी सकाळी संबळ वाजायला लागला. डोक्यावर चुंबळ ठेवली, आणि चौघींनी उचलून पाट माझ्या डोक्यावर दिला. मायच्या डोक्यावर मी तो पंधरा-सोळा वर्षं पाहिला होता. पिसासारखा दिसायचा. पहिल्याच पावलाला माझ्या मानेतून कमरेपर्यंत कळ उतरली. पाट सागाचा, तांब्या काठोकाठ भरलेला, वर नारळ, फळं, ओटी. पुढे बायका फुगड्या घालत होत्या, दर चार दारांपुढे थांबायचं, कुणी पायावर पाणी ओतायचं, कुणी ओवाळायचं. गिरणीपर्यंत आले आणि पाट कलायला लागला. डावीकडून पाटाला कुणाचातरी हात लागला. मान वळवता येत नव्हती, पण हिरव्या बांगड्या दिसल्या.

“ताई, खाले देखू नको. सामने देख,” वहिनी पुटपुटली. “दात दाबू नको. मान ढिली सोड, कानबाई आपोआप बसस.”

मी मान सैल सोडली. पाट खरंच बसला. ती माझ्या पावलाला पाऊल जोडून चालली, मी लहानपणी मायबरोबर चालायची तशी. मागून एक शेजारीण हसत म्हणाली, “लता, आखाजीले पाळना बांधाना का मंग?” आखाजी म्हणजे आमची अक्षय तृतीया. बांगड्या फक्त एकदा हलल्या. तेव्हा माझ्या डोक्यात आलं, हे कधीतरी कळणारच. दोन महिन्यांनी, तीन महिन्यांनी. आणि तेव्हा मी धुळ्याला असेन आणि ही इथे या सगळ्यांच्या तोंडापुढे.

पांझरा नदीला पाणी बेताचंच होतं. पाट उतरवला. पाण्यात शिरताना माय मागे वळून ओरडली, “लता, तू पानीमा येऊ नको! तठेच थांब!” सगळ्या बायका गुडघाभर पाण्यात आणि वहिनी एकटी काठावरच्या दगडावर, हात पदरात गुंडाळून. कानबाईला सोडायच्या वेळी अक्का म्हणाली, “माग वं शकू, जे मागनं ते माग.” माझ्या तोंडून कॉलेजची मराठी निघाली नाही. कितीतरी महिन्यांत मी अहिराणी बोलले नव्हते. ती निघाली.

“ती मूठ मनी शे.”

“कोनती मूठ?”

“आठवी. वहिनीनी मना नावनी टाकी. तिले दिन नही गयात. मले मालूम व्हतं.”

संबळ थांबला. अक्काचा हात नारळावर तसाच. “पोरनी मूठ? पोरनी मूठ ऱ्हास का कधी?” तिने काठाकडे मोहरा वळवला. “लता! तू सांगं व्हतं का दिन गयात म्हनीसन?”

वहिनी दगडावरूनच ओरडली, “मी कोठे सांगं? तुम्हीच सांगं, तुम्हीच गूळ वाटा! मनं आयकस कोन!” दोन-तीन बायकांना हसू आवरलं नाही. मग तिचा आवाज खाली आला. “ताई म्हने, घरनं तिनावर काहीच नही. मी म्हंतलं, एक मूठ त ऱ्हाऊ दे तिना नावनी.”

“कानबाई कोपी,” अक्का म्हणाली.

आबा काठावर पुरुषांत उभे होते. ते खाकरले. “कसानी कोपी, अक्का? काल निवद दिधा, तिनी खाधा. आते काय वापस मांगस का?”

मायने माझ्याकडे पाहिलंही नाही, आणि ते बरं झालं. कानबाई पाण्यात गेल्यावर तिने रिकाम्या पाटावर नदीतली ओली वाळू भरली. आमच्याकडे रिकामा पाट घरी नेत नाहीत, ती वाळू नेऊन पुजतात. ओली वाळू देवीपेक्षा जड. मायने वहिनीला हात करून पाण्यात बोलावलं, पाट तिच्या डोक्यावर ठेवला आणि मला एवढंच म्हणाली, “हात लाव.” मी डाव्या अंगाला आले आणि हात लावला. वाळूचं पाणी ठिबकत माझ्या कोपरापर्यंत आलं. वाटेत वहिनीने विचारलं नाही, दोन दिवस गप्प का राहिलीस म्हणून. नंतरही कधी विचारलं नाही. आता आम्ही दोघी सत्तरीला आलो आहोत आणि मी अजून त्या प्रश्नाची वाट पाहते.

त्या वर्षीच्या परीक्षेत लेडन आला. मी आंब्याच्या झाडाचं वाक्य लिहिलं.

पुढच्या श्रावणात मी गेले तेव्हा पाळण्यात खरोखरच तीन महिन्यांचा भाचा होता आणि बायका म्हणत होत्या, कानबाईने चूक सुधारून घेतली. शनिवारी सूप मांडलं. मी दाराला टेकून उभी राहिले. या वेळी पुस्तक नव्हतं. सात मुठी झाल्या. आठवी बाळाची, तिला सगळे हसले. मग वहिनीने हात पुन्हा गव्हात घातला, मान वर केली आणि मोठ्याने म्हणाली, “शकुंतला.” मूठ पडली, वरून चिमूट. माय गव्हाचे खडे वेचत राहिली. अक्का भिंतीला टेकून बसली होती. आता फुटेल, आता ओरडेल, म्हणून मी श्वास धरला.

अक्काने सुपाकडे पाहिलं. मग म्हणाली, “मंग मनी बी टाक एक.”

वहिनीने अक्काचं नाव घेतलं. इतक्या वर्षांत ते नाव मी पहिल्यांदाच ऐकलं, यमुना. मूठ भरताना तिने गहू बोटांतून सांडू दिले नाहीत. दुसऱ्या दिवशी अक्काने भाकरी थापली नाही. ती आमच्या पंगतीत बसली, रोटाचा पहिला घास तिने पुरणासकट तोंडात घातला आणि डोळे मिटून बराच वेळ चावत राहिली. तिला गोड फार आवडायचं. मी समोर बसून वहिनीच्या हाताकडे बघत होते. तो माझ्या हातापेक्षा लहान होता, भाजलेला, नखांत पीठ अडकलेलं. आणि खरं सांगते, माझी मूठ त्या सुपात पडली होती, तरी त्या हाताचा मला हेवाच वाटत होता.